कंटाळा येतो कुठून?

(शिरवणे येथील अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तनावरून)



अभंग आपण सर्वांनी टाळमृदंगाच्या साथीत म्हटला, चालही छान लागली. आता निरूपणाकडे वळू. माया, ब्रह्म, मोक्ष हे मोठे विषय सप्ताहात रोज ऐकायला मिळतात. आज मी एक साधा, घरातला शब्द घेतो. या मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडून तो या आठवड्यात एकदा तरी निघाला असेल. शाळेतलं पोर तो म्हणतं. ओट्यापाशी उभी असलेली सून मनातल्या मनात म्हणते. रात्रपाळी करून आलेला कामगार म्हणतो. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली म्हातारी तर दिवसातून दहा वेळा म्हणते. कोणता शब्द? "कंटाळा आला."

मागे बसलेल्या दोघांचे मोबाइल आत्ताच बाहेर निघाले. निघू द्या. समर्थांनी याची सोय आधीच करून ठेवली आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकातला नववा समास झोपेवर आहे आणि त्याला लागूनच दहावा समास श्रोत्याच्या अवलक्षणांवर आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही कथेला बसलेला माणूस असाच होता. तेव्हा कंटाळा मोबाइलने आणला, असं कुणी म्हणू नका. कंटाळा जुनाच आहे. मोबाइलने त्याला फक्त रोज खाऊ घालून गुबगुबीत केला.

आता आधी शब्द नीट ओळखून घेऊ. कारण आपण तीन-चार वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि मग औषध चुकतं.

पहिला आळस. आळशी माणसाला काम नको असतं. झोप मिळाली की तो सुखी. कंटाळलेल्या माणसाचं तसं नाही. त्याला काहीतरी करायचं असतं, पण काय करायचं ते त्याला सापडत नाही. तो उठतो, फ्रीज उघडतो, बंद करतो, पुन्हा येऊन बसतो. आळशाला झोप लागते, कंटाळलेल्याला झोपही लागत नाही.

दुसरा शीण. दिवसभर शेतात राबलेला माणूस म्हणतो, "कंटाळलो बुवा." तो कंटाळलेला नाही, दमलेला आहे. त्याला भाकरी वाढा, पाठ टेकू द्या, सकाळी तो ताजा उठेल.

तिसरं वैराग्य. इथे नीट लक्ष द्या. कंटाळा आणि वैराग्य दुरून सारखे दिसतात. दोघांनाही समोरचा विषय नकोसा झालेला असतो. पण वैराग्याला विषय नको वाटतो, कारण त्याहून गोड काही हाती लागलेलं असतं. कंटाळ्याला हा विषय नको असतो, कारण दुसरा विषय हवा असतो. चॅनल बदलणारा माणूस विरक्त म्हणायचा का? त्याने शंभर चॅनल सोडली, केवढा त्याग! पण रिमोट सोडला नाही. हाच फरक आहे.

मग कंटाळा म्हणजे नेमकं काय? मन जागं आहे, त्याला कुठेतरी लागायचं आहे आणि लागायला जागा नाही, ही जी अवस्था आहे तिचं नाव कंटाळा.

ही अवस्था माणसाला किती सोसवत नाही, याचा एक प्रयोग सांगतो. 2014 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो प्रसिद्ध केला. माणसाला रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवायचं. फोन नाही, पुस्तक नाही. जवळ फक्त एक बटण. दाबलं की विजेचा झटका बसतो. झटका कसा असतो ते आधीच दाखवलेलं होतं आणि हिशेबात लोक तेच घेतले, जे म्हणाले होते की हा झटका पुन्हा बसू नये म्हणून आम्ही पैसेसुद्धा देऊ. झालं काय? 18 पुरुषांपैकी 12 जणांनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःच बटण दाबून घेतलं. 24 बायकांपैकी 6 जणींनी दाबलं. माता-भगिनींनो, हसा, तुमचा निकाल बरा आहे. पण विचार करा. माणसाला दुखणं चाललं, पण पंधरा मिनिटं स्वतःच्या मनाजवळ बसणं चाललं नाही.

आणि हे फक्त संसारी माणसाचं नाही हो. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात ख्रिस्ती साधू झोपड्या बांधून एकांतात राहत. त्यांच्यातल्या एवाग्रियस नावाच्या साधूने या दुखण्याला दुपारचा सैतान म्हटलं आहे. आपल्याकडेही भर दुपारी चिंचेखाली जाऊ नको म्हणतात ना, तसंच. तो सांगतो, सकाळी दहाच्या सुमारास हा सैतान येतो आणि दोन वाजेपर्यंत मानगुटीवर बसतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं. साधू सारखा खिडकीतून डोकावतो, कुणी येतंय का बघतो. मग त्याला ती झोपडी नकोशी होते, ते काम नकोसं होतं, दुसरीकडे कुठेतरी बरं असेल असं वाटायला लागतं. सगळं सोडून वाळवंटात गेलेल्या माणसाची ही कथा. तेव्हा घर सोडून कंटाळा जात नाही. तो आपल्या पिशवीतूनच येतो.

आता मुद्द्याचं. कंटाळा येतो कुठून?

सगळे म्हणतात, रोज तेच ते केल्याने येतो. ऐकायला खरं वाटतं, पण तपासून बघा. जनाबाईंचं दळण रोज तेच. जातं एकाच दिशेने फिरतं. सावता महाराज अरण गावच्या मळ्यात रोज तेच पाणी द्यायचे. तेरला गोरोबाकाका रोज तीच माती तुडवायचे. यांच्याइतकं तेच ते काम कुणी केलं असेल? आणि त्यांच्या वाणीत कंटाळा शोधून सापडत नाही. आपला हरिपाठ घ्या. रोज संध्याकाळी तेच अभंग, तीच चाल. आम्ही विद्यार्थी असताना एका सोबत्याने गुरुजींना विचारलं, "महाराज, रोज तोच हरिपाठ, तुम्हाला कंटाळा येत नाही?" गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "आई रोज त्याच नावाने हाक मारते. तुला कधी कंटाळा आला का?"

हाक आली की माणूस वळतो, माउली. तेच ते असण्याने कंटाळा येत नाही. आपल्याला कुणाची हाक नाही, आपण केलं काय आणि न केलं काय, कुणाचं काही अडत नाही, हे मनाला कळलं की कंटाळा येतो. आजच्या कीर्तनातलं एवढं एक जरी घरी नेलंत, तरी मला पुरे.

हे शिरवण्यात सांगताना मी दुसरीकडचे दाखले कशाला देऊ? तुमच्याच गावाकडे बघा. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्याआधी इथे काय होतं? खाडी होती, भातशेती होती, मिठागरं होती. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी हे नाव पडलं असं जाणते सांगतात. पावसात आवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग झोडणी. उधाण आलं की बांधावर धावायचं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन नासते. म्हणून खेकड्याने पोखरलेलं भोक असलं, तरी रात्री कंदील घेऊन माणसं मातीच्या टोपल्या वाहायची. काम तेच ते होतं. कष्ट जीवघेणे होते. त्या दिवसांचं गोड चित्र मी रंगवत नाही. पण त्या कष्टात "दिवस जात नाही" असं म्हणायला कुणाला सवड नव्हती.

जमीन गेली. तिच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटीलसाहेबांच्या मागे लोक उभे राहिले. 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तानला पाच जण हुतात्मे झाले. मोबदला मिळाला, काहींना साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, इमारती उभ्या राहिल्या, भाडं सुरू झालं. पैशाचा हिशेब सगळ्यांनी मांडला. पण जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही. सकाळी उठल्यावर "आज माझ्यावाचून अडतंय" ही जी भावना असते, ती गेली. बांध फुटला तर मला धावायचंय, ही हाक गेली. दिवस मोकळा झाला. मोकळा दिवस भरायला मग काय काय आलं, ते तुम्ही जाणता. पत्ते आले, बाटली आली, नको त्या ठिकाणी जाणं आलं. अशा पोरांना आपण नुसता उनाड म्हणून शिव्या देतो. शिव्यांनी तो दिवस भरत नाही.

गेल्या वर्षी याच सप्ताहात गावातल्या एका घरी दुपारी चहाला गेलो होतो. तिसरा मजला, स्वच्छ घर, माणसं प्रेमळ. ऐंशीच्या पुढच्या आजी पाया पडायला आल्या. मी विचारलं, "कशा आहात?" म्हणाल्या, "महाराज, दिस जात नाय. खायला हाय, औषध हाय, टीव्ही हाय. पन मना काय कामच नाय." मुलगा म्हणाला, "आम्ही कशाला हात लावू देत नाही त्यांना. आयुष्यभर राबल्या, आता आराम करा म्हणतो." मुलाच्या प्रेमात खोट नव्हती. पण बघा, प्रेमाने सुद्धा माणसाला किती रिकामं करता येतं!

बोलता बोलता कळलं की आजी धवलारीण होत्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या बाईला केवढा मान असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. हळद लागायची ती तिच्या गळ्यावर. आता डीजे येतो, आजींना कुणी बोलावत नाही. घरात नात होती, कॉलेजला जाणारी. मी तिला एवढंच म्हटलं, "बाळ, आजीचे धवले वहीत उतरवून घे. तुझ्या लग्नात लागतील." पोरगी बसली वही घेऊन. यंदा त्या घरी गेलो, तर नात सांगते, "बाबा, आता आजीच मला सोडत नाही. रात्री जेवताना हाक मारते, ये गो, अजून एक रायलाय." आजी आता फार थकल्या आहेत. सगळे धवले काही उतरून झालेले नाहीत, होतील की नाही सांगता येत नाही. पण "दिस जात नाय" हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

तेव्हा घरातलं म्हातारं माणूस "कंटाळा आला" म्हणालं, तर लगेच टीव्ही लावून देऊ नका. भक्तीचं चॅनल सुद्धा नको. ते तुम्हाला सांगत असतं की, मला विचारणारं कुणी उरलं नाही. त्यांना करमणूक नको आहे, त्यांना हाक हवी आहे. भाजी निवडून मागा, नातवाला पाढे शिकवायला सांगा, एखादी गोष्ट त्यांना विचारून करा.

कुणी म्हणेल, महाराज, तुम्हाला सांगायला सोपं आहे. मी एमआयडीसीत मशीनवर उभा राहतो, आठ तास एकच सुटा भाग काढतो. तो कुठल्या वस्तूला लागतो ते मला माहीत नाही. मला कसली आली हाक? खरं आहे, बाबा. गोरोबाकाकांचं मडकं त्यांच्या हातात पूर्ण व्हायचं, गावातल्या कुणाच्या तरी घरी पाणी भरायचं, ते त्यांना दिसायचं. तुला तुझं मडकं दिसत नाही. तुझा कंटाळा हा तुझा दोष नाही. तो तुझ्या श्रद्धेत कमी आहे म्हणून आला, असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी सांगतो. मशीनपाशी हात अडकलेला असतो, मुख मोकळं असतं, तेव्हा नाम घे. नामाला आवाज लागत नाही, सुट्टी लागत नाही. आणि घरच्यांना सांगतो, तो घरी आला की "पगार झाला का" हे महिन्यातून एकदा विचारा, आणि "आज काय काम केलंस" हे रोज विचारा. ज्याचं काम कुणी विचारतच नाही, त्याला ते काम किती दिवस आपलं वाटेल?

आपल्या सप्ताहातलंच उदाहरण घ्या. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहाऱ्यांची यादी लागली आहे. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला ज्याचं नाव आहे, त्याला कंटाळा येत नाही का? येतो की! मंडप रिकामा, डास चावतात, घड्याळ पुढे जात नाही. तोच तो दुपारचा सैतान रात्री येतो. पण तो वीणा टाकून घरी जात नाही. का? पुढचा पहारेकरी येईपर्यंत ती वीणा त्याच्या गळ्यात आहे. त्याच्यावाचून ती खाली येईल. कंटाळा आला तरी तो उभा राहतो आणि तासाभराने त्याला कळतही नाही की कंटाळा कधी निघून गेला.

यासाठी गीतेत एक फार सुंदर शब्द आहे. सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की हा योग निश्चयाने करायचा आणि मन कसं ठेवून करायचं? अनिर्विण्ण. म्हणजे न कंटाळलेलं, न खचलेलं. भगवंतांनाही ठाऊक होतं की साधनेतला मोठा अडथळा पाप नाही, कंटाळा आहे. पाप करणारा पश्चात्तापाने परत येतो. कंटाळलेला हळूच निघून जातो, त्यालाही कळत नाही.

या शब्दावर भाष्य करताना मधुसूदन सरस्वतींनी टिटवीची गोष्ट सांगितली आहे. खाडीकाठच्या माणसांना टिटवी कोण ते सांगायला नको. तिचं ओरडणं रात्री अजून ऐकू येतं. ऐका तर.

समुद्रकाठी टिटवा आणि टिटवीचं जोडपं राहायचं. टिटवीने काठावर अंडी घातली. भरतीची लाट आली आणि अंडी घेऊन गेली. टिटवा म्हणाला, "हा समुद्र मी सुकवणार." आणि चोचीने एक एक थेंब उचलून बाहेर टाकायला लागला. भाऊबंद आले, समजावू लागले, "अरे वेड्या, तुझी चोच केवढी, समुद्र केवढा!" तो थांबला नाही. शेवटी तेही त्याच्याबरोबर पाणी उपसायला लागले. तेवढ्यात नारदमहर्षी तिथून चालले होते. त्यांनीही सांगितलं, "नाद सोड." टिटवा म्हणाला, "या जन्मात जमलं नाही तर पुढच्या जन्मात उपसेन." नारदांचं मन द्रवलं. त्यांनी जाऊन पक्षिराज गरुडाला सांगितलं की तुझ्या जातीचा समुद्राने अपमान केला आहे. गरुड आला. त्याच्या पंखांच्या वाऱ्यानेच समुद्र सुकायला लागला. समुद्र घाबरला आणि त्याने अंडी परत आणून दिली.

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!

आता सांगा, एक थेंब उचलायचा आणि टाकायचा, याच्याइतकं तेच ते काम जगात दुसरं आहे का? टिटव्याला कंटाळा का आला नाही? अंडी त्याची होती, माउली! आणि तुमच्या आजोबा-पणजोबांनी काय वेगळं केलं? टोपली टोपली माती टाकून त्यांनी खाडीच मागे सारली आणि तिथे भात पिकवला. शेत त्यांचं होतं, लेकरं त्यांची होती. त्या टिटव्यांची तुम्ही नातवंडं आहात. तुम्ही म्हणावं, दिवस जात नाही?

मग करायचं काय? तीनच गोष्टी सांगतो आणि आटोपतो.

पहिली गोष्ट, कंटाळा आला की लगेच पळू नका. दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. त्याला विचारा, बाबा, तू कशासाठी आलास? पोरं "कंटाळा आला" म्हणाली की लगेच हातात मोबाइल देऊ नका. जरा वेळ रिकामी बसू द्या. त्या रिकामपणातूनच पोर उठतं, कागदाची होडी करतं, गच्चीवर जातं, काहीतरी विचारायला येतं. रिकामं बसायची सवयच लागली नाही, तर मोठेपणी तेच पोर विजेचं बटण दाबणार.

दुसरी, एक नेम धरा, छोटा धरा, पण मोडू नका. हरिपाठ असो, तुळशीला पाणी असो, शेजारच्या आजारी माणसाची रोजची विचारपूस असो. पहिले आठ दिवस उत्साह असतो, नंतर कंटाळा येतोच. तो आला म्हणजे नेम खरा सुरू झाला असं समजा. तोवर नुसती हौस होती.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. स्वतःचा कंटाळा घालवत बसू नका, दुसऱ्याचा घालवा. या मंडपातून उठाल, तेव्हा घरात, शेजारी, जिन्यात, ज्याला गेले आठ दिवस कुणी हाक मारली नाही असं एक माणूस शोधा. त्याला काहीतरी मागा. देऊ नका, मागा. देणारे पुष्कळ येतात, मागणारं कुणी येत नाही. जो दुसऱ्याला अशी हाक देतो, त्याच्या वाट्याला कंटाळा फार येत नाही, हे मी या वयापर्यंत बघत आलो आहे.

आणि तरीही एखाद्या दुपारी मन कुठेच लागलं नाही, तर पंढरीकडे तोंड करा. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. परब्रह्म त्या विटेवर उभं राहिलं. युगं गेली, अजून उभं आहे. कमरेवरचे हात खाली आले नाहीत, की पाय बदलला नाही. तो कुणासाठी उभा आहे? तुमच्या-माझ्यासाठी. जगात कुणालाच आपली गरज नाही असं ज्याला वाटतं, त्याने एवढंच ध्यानात ठेवावं की आपली वाट बघत कुणीतरी उभं आहे आणि ते अजून कंटाळलेलं नाही.

माउली, रात्र झाली. दोन ते चारच्या पहारेकऱ्यासाठी कुणीतरी चहाची किटली घेऊन या, तो एकटा असतो.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!